भिंतीवरची घुंगरांची काठी

रत्नदीपला जुन्या वस्तूंचा भारी सोस. बँकेत नोकरी लागली, पिंपळवंडीत बंगला उठला, आणि मग काय, हॉलमध्ये माणसांना बसायला जागा उरेना! शिसवी पेटारा, पितळी अडकित्ते, घोड्याचं खोगीर, गॅसबत्ती. म्हाताऱ्या भागुजीला हसू यायचं. लोकांनी मोडीत घातलेलं त्याचं पोरगं हौसेनं घरात आणत होतं.

वास्तूच्या बुद्धवंदनेला संध्याकाळी सगळं गाव यायचं होतं. दुपारी रत्नदीपनं जुन्नरच्या भंगारवाल्याकडून आणलेली काठी भिंतीवर टांगली.

"दादा, बघा! सगळ्यात झकास पीस!"

घुंगरं वाजली आणि भागुजीनं झटकन मान वळवली. मुठीखालची तांब्याची पट्टी त्यानं लगेच ओळखली. काठी चिरली तेव्हा त्याच्या बापानंच ती ठोकली होती. येसकराची काठी! गावकीचा निरोप घेऊन दारोदार फिरायचं, घुंगरं वाजवून आल्याचं कळवायचं आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून भाकर मागायची. बाप गेला तशी ती मिसरूड न फुटलेल्या भागुजीच्या हातात आली. दीक्षा घेतली त्या साली तो ती चावडीत टाकून आला. लेकाला लाज नको, म्हणून याबद्दल अवाक्षर काढलं नाही. आता भोगा!

गावातली जुनी माणसं संध्याकाळी ती ओळखणारच होती. त्यांच्या तोंडून लेकाला कळावं, हे काही त्याला सोसणार नव्हतं.

"कुणाची हाय ती, ठाव हाय का तुला?"

"भजनातली असेल ना कुणाची तरी?"

"माजी हाय."

भागुजीनं सगळं सांगितलं. सून स्नेहा हातातलं काम टाकून पुढं आली. रत्नदीपनं काठी खसकन ओढली आणि मोडायला गुडघ्यावर धरली.

"आण हिकडं!" म्हातारा कडाडला.

काठी हातात येताच बोटं आपसूक जुन्या जागी बसली. त्याचा त्याला भयंकर राग आला. तो तडक दाराबाहेर गेला. फेकून देणार, असंच दोघांना वाटलं. पण उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यानं काठी जोरात आपटली. घुंगरं खणखणली. मग ती तशीच वाजवत तो उंबरा ओलांडून आत आला आणि हॉलमधल्या सगळ्यात मोठ्या कोरीव खुर्चीत बसला.

"टांग आता," त्यानं काठी लेकापुढं धरली. "आन पावण्यांनी इचारलं, तर तूच सांग. माज्या बापाची हाय म्हनावं."