भाजीचं पाणी

महेंद्रची दोन्ही मूत्रपिंडं तेहतिसाव्या वर्षीच निकामी झाली. दुखणं नाही, खुपणं नाही. वाढलेल्या बीपीने आतल्या आत सगळं पोखरलं होतं. कळव्याच्या दोन खोल्यांत त्याची आई भीमाबाई आणि बायको पायल चार दिवस रडल्या आणि मग कंबर कसून उभ्या राहिल्या. भीमाबाईचं मूत्रपिंड जुळलं. ऑपरेशनला चाळीस दिवस होते. तोवर त्याला सांभाळायचं, एवढंच काम उरलं.

ठाण्याच्या डायलिसिस सेंटरमधल्या निशा सिस्टरने भीमाबाईला बसवून समजावलं. "मावशी, किडनी दिवसरात्र रक्त गाळते. कामाचं परत घेते, नको ते लघवीतून टाकते. याचं ते बंद झालंय. मशीन आठवड्यातून तीनदाच गाळणार. मधल्या दिवसांत पोटॅशियम साठलं तर हार्ट थांबेल, कळणारसुद्धा नाही. भाजी भरपूर पाण्यात उकळायची, पाणी काढायचं, मगच फोडणीला टाकायची. ज्वारी नको, तांदळाची भाकरी द्या."

भीमाबाईने शब्द न् शब्द पाळला. केळी, नारळपाणी, टोमॅटो घरात येईनासे झाले. तरी दर रिपोर्टात पोटॅशियम चढलेलंच.

पायलचं डोकं फिरलं. "बाहेर काय खातोस रे तू?"

"काही नाही. आईशप्पथ."

"मग काय हवेतून येतं?"

भीमाबाईनेही लेकालाच धारेवर धरलं. शर्टाचे खिसे चाचपले, हाताचा वास घेतला. एवढ्या मोठ्या बाप्याची ही झडती! त्याने मग दोघींशी बोलणंच कमी केलं.

ऑपरेशनला आठ दिवस राहिले असताना, रविवारी, जेवून उठताना त्याचे पाय लुळे पडले. हॉस्पिटलच्या दारात रिक्षा पोचली तेव्हा सगळं संपलं होतं.

पंधरा दिवसांनी निशा सिस्टर भेटायला आली. पायलशी दोन शब्द बोलून ती आत स्वयंपाकघरात गेली. भीमाबाई सवयीने भाजी उकळत होती. तिने भाजी निथळली आणि ते कढत पाणी परातीतल्या पिठावर ओतलं.

"मावशी, हे काय करताय?"

"भाकरीला ऊन पाणी लागतंच की. आमच्या गावाकडं पाणी टँकरनं यायचं, वाया कसं घालवायचं? शिवाय भाजीचं सगळं सत्त्व त्यात उतरतं. त्याच्या अंगात तेवढीच ताकद यावी, म्हणून मी रोज..."

तिने निशाचा चेहरा पाहिला.

"त्या पाण्यानंच व्हय, बाई?"

निशाला खोटं बोलता येईना. तिने भीमाबाईचा पिठाचा हात नुसता धरून ठेवला. बाहेरून पायलचा आवाज आला. "शेवटपर्यंत खोटं बोलला माझ्याशी, सिस्टर. बायकोशी खोटं बोलला."

भीमाबाई गप्प राहिली असती तर जगात कुणालाच कळलं नसतं. निशा काही सांगणार नव्हती. भीमाबाईला तो मोह झाला. मग ती तशीच बाहेर गेली आणि सुनेसमोर जमिनीवर बसली.

"पायल, माझा लेक खोटं नव्हता बोलत," ती म्हणाली आणि तिने सगळं सांगितलं.

पायलने ऐकून घेतलं. उठून महेंद्रच्या फोटोपुढे गेली आणि हात जोडून त्याची माफी मागत राहिली. भीमाबाईला तेवढंही करायचा धीर झाला नाही.