ओवीचा ठोका

कस्टम अधिकारी गिरिधर साहेबांनी टेबलावर खापा गावाहून आलेले पाच स्टोल उलगडून ठेवले होते आणि वरच्या स्टोलवर आपलं पितळी भिंग. मेघाला ते भिंग कुलपासारखं दिसलं.

कस्टमची वकिली करताना सहा वर्षांत तिने मोठमोठ्या कंपन्यांचे खटले लढवले होते. या खेपेस पक्षकार होती प्रेमिलामावशी, खाप्याच्या बारा विणकर बायांची म्होरकी. बायांची ही पहिलीच परदेशी मागणी, तीनशे स्टोलांची. कागदावर लिहिलं होतं ‘हातमाग’. साहेबांची नोटीस म्हणत होती, हे कापड यंत्रमागाचं. खोटं जाहीर केल्याचा ठपका बसला की माल अडकणार, शुक्रवारचा कंटेनर निघून जाणार, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा खाप्याचं नाव काढणार नाही.

“इतकी एकसारखी वीण हाताची?” साहेब म्हणाले. “हातमागावर कापड ताणून धरतात त्या काडीच्या टोचण्याच्या खुणा काठाला दिसतात. इथे एक नाही.”

मावशीने पदर सावरला. “काठ आम्हीच कापले ना साहेब. दुमडून शिवले. लेक परगावी धाडाची तं वेणीफणी करूनच धाडतो ना आपण?”

मेघा मावशीकडे वळली. पुरावाच कापून टाकला होता! “मावशी, हे मले काहून नाही सांगितलं?”

“तू इचारलं कुठं वं? तू तं नुसते कागद मागून राहिली होती.”

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दडवलं. “तुमच्याकडे माग आहेत, मान्य. पण हे कापड त्याच मागांवरचं, हे कशावरून?”

मेघा कागद चाळू लागली. मावशी मात्र सवयीने स्टोलवर बोट फिरवत होती, ओठांत काही गुणगुणत. बोट चाले, थांबे, चाले, थांबे.

“मावशी, बोट कशाले थांबते?”

“चरण संपते तिथं. अक्षराले एक धागा. चरण सरला का दम घेतो, तवा फणीचा एक ठोका जास्त पडते. गाण्यानंच तं वीण सारखी येते, पोरी.”

मेघा ताडकन उठली. “साहेब, भिंग लावा. मावशी, म्हणा.”

मावशीने टेबलालाच माग केलं. तळहाताचा ठोका पडू लागला:

*धोटा गेला दूर,*
*कन्हानच्या पार,*
*उघडं हे दार,*
*त्याच्यासाठी*

साहेब भिंगावर वाकले. सहा धागे, मग एक घट्ट रेघ. सहा, रेघ. पुन्हा सहा, रेघ. मग चारच. पुन्हा सहा. त्यांची मान वर येईना.

अखेर त्यांनी दुसरा स्टोल ओढला, त्याला लावलेली क्रमांकाची चिठ्ठी मुठीत झाकली. “आणि हा?”

मावशीने डोळे मिटून बोट फिरवलं. “हा माह्या हातचा नाही. भागीरथेचा हाय. तिची ओवी लांब, जिभेसारखीच.”

साहेबांनी मूठ उघडली. चिठ्ठीवर क्रमांक सत्तावीस. मेघाने बायांच्या संस्थेची वही पुढे केली, कोणता स्टोल कोणी विणला त्याची. सत्तावीससमोर नाव होतं भागीरथा. तिसरा, चौथा, पाचवा: मावशी एकदाही चुकली नाही.

मग साहेबांनी नोटीस बाजूला सारली आणि लेखनिकाला हाक मारली. “लिहा. वीण समक्ष पडताळली, माल हातमागाचाच. आजच सोडावा.” थोडं थांबून म्हणाले, “आणि ती ओवी पण लिहा, पूर्ण. पुराव्याचा भाग आहे.”

लेखनिक गांगरला. “साहेब, चाल कशी लिहू?”

“चाल कापडात हाय ना बाबू,” मावशी म्हणाली.

बाहेर पायरीवर तिने चपला घातल्या. मेघा म्हणाली, “पुढच्या मालाचे काठ कापू नका बरं.”

“नाही कापत. पण तूही कागद मागायच्या आधी एकडाव मागावर येऊन बस.”

“येते ना. रविवारीच येते.”