खिडकी लावायची नाही

सकाळी सहाला ऑडवार उठला तेव्हा त्याची जीभ टाळ्याला चिकटली होती. काही केल्या सुटेना. शेवटी बोट घालून सोडवली, तेव्हा कुठे "पाणी" एवढा शब्द फुटला.

त्याची बायको गुन्वोर उशाशी ठेवलेल्या यंत्रावरचे आकडे वाचत होती. "दोन तास बावन्न मिनिटं," ती म्हणाली. "पुरेल का रे?"

डोंबल पुरणार! चार तास हवे होते.

बावीस वर्षं ऑडवार फ्योर्डकाठच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खाडीकाठच्या रस्त्याने शाळेची बस चालवत होता. झोपेत आपला श्वास अडकतो याचा त्याला पत्ताच नव्हता. डिसेंबरात बोगद्यात डोळा लागला, बस भिंतीला घासली. नशीब, मुलं उतरून गेली होती. मग डॉक्टरांनी झोपेत नळीतून नाकात हवा सोडणारं हे श्वासाचं यंत्र दिलं आणि अट घातली: तीस रात्रींपैकी एकवीस रात्री तरी चार-चार तास त्याचा मुखवटा नाकावर राहिला पाहिजे, नाहीतर बसचा परवाना विसरा. थाप मारायचीही सोय नाही, कारण मेलं यंत्र रोज सकाळी आपण होऊन दवाखान्यात चहाडी करायचं. आणि बस गेली तर एकसष्टाव्या वर्षी त्या दरीत दुसरं काम कोण देणार होतं? घरात बसून खिडकीतून दुसऱ्याची बस बघायची, या विचारानेच त्याला धाप लागायची.

पहिल्या वीस रात्री निभावल्या. मग कडाक्याची थंडी पडली आणि नळीतून नाकात पाणी टपकायला लागलं. बुडतोय असं वाटून तो धडपडून उठायचा. वैतागून त्याने यंत्रातली हवा ओलसर करणारी पाण्याची टाकीच बंद केली. टपकणं थांबलं, पण आता नुसता कोरडा वारा नाकात भरायचा, तोंड आपोआप उघडायचं आणि घशाला अशी कोरड पडायची की झोपेतच तो मुखवटा ओढून फेकायचा. लावावा तर जीव जातो, काढावा तर परवाना जातो. नऊ रात्री अशाच वाया गेल्या. उरली एक.

त्याने दवाखान्यात फोन लावला. सिल्ये नावाच्या नर्सने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, झोपायच्या खोलीत थंडी किती असते?"

"खिडकी उघडी असते, मग असणारच की. पेल्यातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो."

"आमच्याकडेही तेच," ती हसली. "पण गरम ओली हवा गार नळीतून गेली की तिचं पाणी होणारच. टाकी चालू करा आणि आज खिडकी लावून झोपा. तापणारी नळी मागवते, पण ती यायला तीन आठवडे लागतील."

खिडकी लावा म्हणे! बोलायला काय जातंय? त्या गावात खिडकी लावून कुणीच झोपत नाही, पण गुन्वोरची गोष्ट वेगळी होती. सात वर्षांची असताना ती बटाट्याच्या तळघरात उतरली आणि वरचं दार अडकलं. संध्याकाळपर्यंत कुणाला कळलं नाही. लग्नानंतर पहिल्याच प्रवासात हॉटेलची खिडकी उघडेना, तर नवरानवरीने रात्र गाडीत काढली होती.

कॉफी पिताना त्याने भीतभीतच विषय काढला.

"अच्छा! तुला श्वास घेता यावा म्हणून मी माझा कोंडून घेऊ?"

"एकच रात्र, गुन्वोर. तू वर पोटमाळ्यावर झोप. तिथली खिडकी उघडी ठेव."

"आणि तू झोपेत मुखवटा फेकलास की कोण बसवणार? ती सिल्ये?"

त्याला राग आला, खिडकीचा, यंत्राचा, तिचाही. "राहू दे मग!" तो ओरडला. "बस गेली तर गेली!" तपकिरी चीजचा तुकडा तसाच बशीत टाकून तो बर्फ काढायला बाहेर गेला.

झोपायला गेला तेव्हा टाकी भरलेली होती. खिडकी बंद होती. गुन्वोर खिडकीजवळच्या खुर्चीत लोकरीची टोपली घेऊन बसली होती.

"बघत काय बसलास? लाव तुझी सोंड आणि झोप."

पट्टे आवळले, वारा सुरू झाला. आज तो मऊ, ओलसर होता. पुढचं त्याला काहीच आठवत नाही.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. तोंड ओलं होतं, जीभ जिथल्या तिथे. त्याने झडप घालून यंत्र पाहिलं. सहा तास दहा मिनिटं. "जमलं!" म्हणत तो वळला.

गुन्वोर त्याच खुर्चीत होती. घामाने केस कपाळाला चिकटलेले, चेहरा पांढराफटक, सुया मात्र चालूच. मांडीवरून करड्या लोकरीची भलतीच लांब, अरुंद नळकांडी जमिनीपर्यंत लोंबत होती.

"दोनदा ओढलास मुखवटा," ती म्हणाली. "दोनदा बसवला."

"हे काय विणतेस? एवढा लांब पायमोजा कुणाचा?"

"तुझ्या नळीचा. तळघरातला नळ गोठू नये म्हणून दर ऑक्टोबरात त्याला लोकर गुंडाळतोस ना? मग हिला का नाही गुंडाळलीस, शहाण्या? काखेत कळसा आणि गावाला वळसा!" तिने सुया खाली ठेवल्या. "शिवाय हात रिकामे असते, तर मी खिडकी उघडली असती."

ऑडवार अनवाणीच धावला. त्याने खिडकी सताड उघडली, बर्फाळ वारा आत घुसला. गुन्वोरने डोळे मिटून छाती भरून श्वास घेतला, मग आणखी एक. तो तिच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसला.

"अशी किती वेळ बसलीस गं?"

"मला काय विचारतोस?" ती डोळे न उघडताच म्हणाली. "यंत्रात बघ की. सगळं लिहिलंय त्यात."