आंधळ्या चालीपुढे तीन राजे

शहापुरात मारुतीरावांच्या लुगड्यांच्या दुकानात दिवाळीच्या पाडव्याची एक रीत होती. सकाळी पूजा झाली की विणकर आपापला माल घेऊन येत, मारुतीराव वर्षाची पहिली खरेदी ठरवीत आणि दुपारी जेवणं आटोपल्यावर गादीवर पत्ते मांडले जात. पूजेतल्या पैशाला त्या दिवशी हात लावायचा नाही, म्हणून डावात लुगडी ठेवायची.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या वर्षी त्या गादीवर परशराम बसला होता. गल्लीतले बरेच विणकर दुसऱ्याच्या मागावर मजुरीनं विणत. परशरामचा माग त्याचा स्वतःचा होता. श्रावणापासून त्यानं विणलेली आठ लुगडी गाठोड्यात बांधून शेजारी ठेवली होती. त्याची बायको गुणाबाई पहाटेपासून सुताच्या कांड्या भरायची, तेव्हा कुठं त्याचा धोटा चालायचा. पुढच्या पावसाळ्यापर्यंतचा तांदूळ त्या गाठोड्यातून यायचा होता.

खेळ तीनपानीचा होता. ज्यांना तो ठाऊक नाही त्यांनी त्यातली एवढी गोष्ट नीट समजून घ्यावी. प्रत्येकाला तीन पानं मिळतात. ती न बघता जो चाल करतो, तो आंधळा. बघून खेळणाऱ्याला आंधळ्याच्या दुप्पट ठेवावं लागतं. शेवटी दोघेच उरले आणि समोरचा आंधळा असला, तर बघणाऱ्याला त्याला ‘दाखव’ म्हणता येत नाही. आंधळा आपली पानं उचलून बघेल किंवा स्वतःहून ‘दाखव’ म्हणेल, तोवर दुप्पट ठेवत राहायचं. नाहीतर पानं टाकून द्यायची.

परशरामनं पानं उचलली. तीन राजे. त्यांच्यावर फक्त तीन एक्के. इतक्या वर्षांत ते त्यानं कुणाच्याही हातात पाहिले नव्हते.

दोघांनी पानं टाकली. त्यातला एक मष्णू, परशरामचा शेजारी. उरले परशराम आणि मारुतीराव. मारुतीरावांची तीन पानं त्यांच्या मांडीजवळ पालथी पडली होती.

“पानं बघा की मालक,” मष्णू म्हणाला.

“पाडव्याला मी पानं बघत न्हाय. आमच्या आप्पांनी कधी बघितली न्हाईत,” मारुतीराव म्हणाले आणि फळीवरचं एक लुगडं ओढून त्यांनी गादीवर टाकलं.

परशरामनं दोन ठेवली. मारुतीरावांनी पुन्हा एक टाकलं. परशरामनं पुन्हा दोन. गाठोडं निम्मं झालं.

मष्णू त्याच्या कानाशी वाकला. “टाक रं परश्या. घरी जा. चार तर ऱ्हायली हाईत.”

“तुला काय म्हाईत माझ्या हातात काय हाय ते.”

“तुझ्या हातात काय बी असू दे. त्येच्यामागं फळी भरून लुगडी हाईत, ती बघ.”

परशरामनं फळीकडे बघितलं नाही. त्याला वाटत होतं की ढीग वाढला की माणूस बघतोच. निदान कंटाळतो तरी. मागच्या वर्षी मारुतीराव कंटाळून आपणहूनच ‘दाखव’ म्हणाले होते. आता टाकली तर चार लुगडी गेली, आणि तीन राजे हातात असताना गेली. हे सांगायचं कुणाला? गल्ली वर्षभर हसली असती.

आणखी दोन चाली झाल्या. गाठोड्याचं फडकं रिकामं झालं. मारुतीरावांनी फळीवरचं आणखी एक टाकलं आणि पानाचा विडा तोंडात घातला.

“परशराम, पानं टाक बाबा,” ते म्हणाले. “सणासुदीचं कशाला जिवाला लावून घेतोस?”

ते खरंच त्याच्या भल्यासाठी बोलत होते. पण परशरामला वाटलं, मालक घाबरले.

“माझा माग,” तो म्हणाला.

मष्णूनं त्याचं मनगट धरलं. “येडा झालास काय रं? माग हाय तो!”

परशरामनं हात सोडवून घेतला. माग डावावर आल्यावर कुणी आंधळा राहील, हे त्याच्या कल्पनेतच बसत नव्हतं. तो स्वतः राहिला नसता. शहापुरातला कुठलाही विणकर राहिला नसता. मारुतीरावांचा हात आता पानांकडे जाईल, मग आपल्याला ‘दाखव’ म्हणता येईल, आणि तीन राजे गादीवर उघडे पडतील.

पण मारुतीराव विणकर नव्हते. माग म्हणजे त्यांच्या लेखी लाकूडच. त्यांनी मागे वळून फळीवरचा एक अख्खा थर दोन्ही हातांनी उचलला आणि गादीवर ठेवला.

“हे झालं तुझ्या निम्म्या मागाचं,” ते म्हणाले. “पानं मी बघितली न्हाईत. आता आणखी एक माग ठेव.”

“माझ्याकडं एकच हाय, मालक.”

“मग टाक.”

परशरामनं मष्णूकडे पाहिलं. मष्णू खाली बघत होता. त्याच्याकडे स्वतःचा माग नव्हताच.

परशरामनं तीन राजे पालथे घालून ढिगावर टाकले. पहिल्या चालीनंतरही हेच करता आलं असतं, फक्त तेव्हा दोनच लुगडी गेली असती. मारुतीरावांनी आपली तीन पानं न बघताच पत्त्यांच्या जोडात मिसळली आणि जोड पिसायला घेतला. त्यांत काय होतं ते कुणालाच कळलं नाही.

“माग सकाळी न्यायला लावतो,” ते म्हणाले. “माझ्याच पडवीत उभा करीन. तूच ये त्येच्यावर विणायला. मजुरी इतरांपेक्षा कमी देणार न्हाय.”

परशराम घरी आला तेव्हा ऊन अजून दारात होतं. गुणाबाईनं त्याच्या हातातलं रिकामं फडकं बघितलं आणि तिला वाटलं, सगळा माल खपला. त्यानं सांगितलं ते तिनं उभ्यानंच ऐकलं.

“पानं काय आलती?” तिनं विचारलं.

“तीन राजे.”

“मोठी असत्यात?”

“लई मोठी.”

“आन् त्येंची?”

“त्येंनी बघितलीच न्हाईत.”

“मग तुमी हरला कसं?”

त्यानं रिकाम्या फडक्याची घडी घातली. गुणाबाई मागापाशी जाऊन बसली. मागावर अर्धं विणलेलं लुगडं होतं. तिनं कोयती घेतली आणि ताण्याचे धागे एका कडेनं कापायला सुरुवात केली. उद्या माणसं येऊन माग उपसतील तेव्हा सूत तरी गुंतायला नको होतं.