उपटायचं का राखायचं

गायत्रीने अव्होकाडोभोवती सुरी उभी फिरवली, दोन्ही अर्धे उलट दिशांना पिळले आणि फळ उघडलं. बी एका अर्ध्यात घट्ट बसली होती. चमच्याच्या टोकाने ती उचकटून तिने नळाखाली धुतली आणि ओट्यावर ठेवली.

स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या मालूबाईंनी मान पुढे केली.

"एवढी मोठी बी? आपल्या केळीत जन्मभर एक नाही दिसली मले."

"केळीचं बुडाशी फुटणाऱ्या पिलांवरच भागतं, आई."

फळं गायत्रीच्या नवऱ्याने, भूपेंद्रने, मंगळवारी इंदूरहून आणली होती, दगडासारखी कडक. आईला गिळता येईल असं मऊ, स्निग्ध काहीतरी द्या, असं तिथल्या आहारतज्ज्ञाने लिहून दिलं होतं. गायत्रीने ती पिकलेल्या केळ्यांबरोबर कागदात गुंडाळून ठेवली. केळ्यांतून निघणाऱ्या वायूने आज, चौथ्या दिवशी, ती बोटाखाली दबू लागली. तिने काट्याने गर ठेचला, लिंबू पिळलं, थोडं मीठ घातलं, कोथिंबीर अगदी बारीक चिरून टाकली. कांदा नाही. मिरची नाही.

"नाव काय सांगितलं याचं?"

"ग्वाकामोली."

"मोळी? मोळी तर लाकडाची असते वो."

मालूबाई हसल्या आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबेपर्यंत गायत्रीने सासूच्या पाठीवर हात ठेवला. पोलक्याखालचे मणके एकेक करून मोजता आले असते.

घरात या आजाराला 'गळ्याची सूज' म्हणत. मंगळवारचा रिपोर्ट फ्रिजवर, मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात होता. अन्ननलिकेतली गाठ यकृतापर्यंत पोचली होती. औषध चढवलं तर दोन महिने मिळतील, नाही चढवलं तरी फारसा फरक पडणार नाही, असं डॉक्टरांनी नवराबायकोला बाजूला घेऊन सांगितलं. भूपेंद्रने त्यातलं अर्धंच ऐकलं.

"आईला काही बोलायचं नाही," परतताना असीरगढचा घाट उतरत असताना तो म्हणाला होता. "उम्मीद सोडून देईल ती. सोमवारी ॲडमिट करू. तू फक्त सूज म्हण."

तेव्हापासून गायत्री सूज म्हणत होती.

तिची नोकरी केळीची रोपं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. ती लग्न होऊन लोधीपुऱ्यातल्या या घरात आली, तेव्हा मालूबाई फोपनारला शेतावरच राहत. केळीच्या पानावर पिवळे पट्टे दिसले की पान ओल्या फडक्यात गुंडाळून त्या सकाळच्या बसने येत. शंका 'हरण्या' रोगाची असे. हरण्या लागलेलं झाड वाचत नाही, आणि मायेने राखलं तर शेजारच्या झाडांनाही घेऊन जातं. संध्याकाळी गायत्री घरी आली की त्या एकच विचारत, "उपटायचं का राखायचं?"

एका वर्षी चारशे झाडांचं उत्तर 'उपटायचं' असं आलं. एकदा फवारून पाहू, असं सासरे देवराम सांगत राहिले. मालूबाईंनी दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत चारशेच्या चारशे झाडं उपटून पुरली. गायत्रीचा कागद खोटा नसतो, एवढंच त्या नवऱ्याला म्हणाल्या.

गायत्रीने वाटी आणि चमचा त्यांच्या हाती दिला. मग बीमध्ये तीन दातकोरण्या टोचून ती पाण्याच्या पेल्यावर टेकवली, पसरट बाजू खाली, पाण्यात. सवयीने पेल्याला कागदी पट्टी चिकटवून तिने तारीख लिहिली, बारा जुलै. खालची ओळ कोरी ठेवून पेनाला टोपण लावलं.

"कधी फुटेल?"

"मूळ यायला सहा आठवडे. कधी आठ."

"आन् फळ?"

"आठ-दहा वर्षं."

मालूबाई पट्टीकडे पाहत होत्या. "खाली काय लिहायचं राह्यलं?"

"मूळ कधी दिसेल ती तारीख."

"मग लिही की."

"अंदाजच असतो, आई."

मालूबाईंनी चमचा वाटीत ठेवला. खुर्ची खिडकीच्या उजेडाकडे वळवली आणि एका बोटाने उजव्या डोळ्याची खालची पापणी ओढून धरली. पांढऱ्या भागात पिवळेपणा पसरला होता. गायत्रीला तो परवाच दिसला होता.

"हे पान पाह्य," त्या म्हणाल्या. "सकाळी आरशात पाह्यलं म्या. उपटायचं का राखायचं?"

"हे म्हणतात की सोमवारी—"

"त्याले नाही इचारलं. तो बापासारखा, फवारूनच पाहीन. तुले इचारलं."

गायत्रीने लिंबाचे हात फडक्याला पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिली. मग खुर्चीपाशी खाली फरशीवर बसली.

"यकृतात गेलंय, आई. औषधाने फार फरक पडणार नाही."

मालूबाईंनी पापणी सोडली.

"किती?"

"दोन महिने. कमीही."

त्यांनी वाटी जवळ ओढली. मग चमचाभर घेतलं आणि डोळे मिटून, मान थोडी वर करून गिळलं.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

गायत्री मीठ घालत असताना भूपेंद्र आला. त्याच्या हातात नवी बॅग होती.

"आई, ही पाहा. चाकं एकदम स्मूथ. सोमवारी पाचला निकलू, ट्रॅफिक लागायच्या आत."

"चांगली आहे. फोपनारले जायले कामी येईल."

"मतलब?"

"गजाननकडे सोड मले. इंदूर नाही."

गजानन त्यांचा धाकटा मुलगा, शेत तोच पाहत असे. भूपेंद्र बायकोकडे वळला. "तू बोललीस?"

गायत्रीने तोंड उघडलं, पण मालूबाई आधी बोलल्या.

"ती काय बोलते! चार दिवस सूज-सूज करू राह्यली. पान माह्यं मीच पाह्यलं."

भूपेंद्र बॅगेवर बसायला गेला. चाकांवरची बॅग मागे सरकली, तसा तो भिंतीला हात लावून उभाच राहिला. काही वेळाने त्याने चेहरा भिंतीकडे केला.

मालूबाईंनी पेल्याकडे बोट दाखवलं. "आता लिही."

गायत्रीने कॅलेंडरवर सहा आठवडे मोजले आणि खालच्या ओळीत तारीख लिहिली.

"वाच."

"तेवीस ऑगस्ट."

मालूबाईंनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत हिशेब केला.

"पोळा होऊन गेलेला असेल," त्या म्हणाल्या. पेला उचलून त्यांनी उजेडात धरला, बी पाण्याला टेकली आहे ना ते पाहिलं आणि तो गायत्रीकडे दिला.

"हे राख."