सलूनवाल्याची सुट्टी

सलूनवाल्याची जीभ त्याच्या हातात होती. कात्री चालली की तोंड चाललंच. गिऱ्हाईक हसून हसून बेजार. आणि घरी? "हं" नाहीतर "बरं", संपला विषय! बावीस वर्षं बायकोने हे सोसलं आणि एक दिवस सरळ बॅगा भरल्या.

"चार दिवस डोंगरात जायचं. तिथे गर्दी नाही, गिऱ्हाईक नाही. कात्री घरीच राहील. तुम्ही फक्त माझ्याशी बोलायचं. जमलं नाही, तर परत आल्यावर मी चालले भावाकडे. तुम्ही बसा आरशांपुढे."

दरी होती मोठी झकास. एक ओढा, दहा-बारा घरं आणि शांतता अशी, की आपलाच श्वास ऐकू यावा. दोन दिवस दोघं ओढ्याकाठी बसले.

"छान आहे, नाही?"

"हं."

"पाणी किती गार आहे!"

"बरं."

मेल्याने तोंडात मिठाची गुळणीच धरली होती! पण खोटं कशाला बोला, बिचारा मनापासून प्रयत्न करत होता. रिकाम्या हातांनी त्याला शब्दच सुचेनात.

तिसऱ्या दिवशी खोलीचा मालक चहा घेऊन आला. त्याचा एक कल्ला कानापर्यंत, दुसरा पार जबड्यापर्यंत. ते बघून आपला गडी दोन दिवस तळमळत होता. बायको आंघोळीला गेली मात्र, याने मालकाच्या स्वयंपाकघरातली कात्री मागितली आणि त्याला अंगणात बसवलं. मग जीभ सुटली ती सुटलीच. मालक हसता हसता स्टुलावरून पडायचा राहिला.

अशी बातमी पसरायला वेळ तो किती लागतो? बायको केस पुसत बाहेर आली, तर अंगणात नऊ जणांची रांग!

याची कात्री थांबली, तोंडही थांबलं. "अगं, त्याचा कल्ला..."

ती तरातरा आली, स्टुलावरच्या माणसाला उठवलं आणि स्वतः बसली.

"कापा. आणि बोला."

त्याने तिचे ओले केस हातात घेतले. कात्री काही चालेना.

"एवढे पांढरे कधी झाले गं?"

"तुम्ही गिऱ्हाइकांचे कापत होतात तेव्हा."

मग हळूहळू कात्री चालू लागली आणि तो बोलायला लागला. रांगेतली माणसं ऐकायला पुढे सरकली, तशी तिने डोळे वटारले.

"तुमचा नंबर उद्या!"

अर्धा इंच कापायला त्याने दुपार केली.