आहेराची रायफल

व्याह्याला आहेर म्हणून रायफल द्यायची, ही कल्पना मनोहररावांची. शुभाताईंनी आधी कपाळावर हात मारला. मग त्यांना वाटलं, खरंच की, टेक्सासच्या त्या रांगड्या माणसाला दुसरं देणार तरी काय? उपरणं दिलं तर अर्ल त्याने पिकअपची काच पुसेल. लेकीने, स्वानंदीने, कोडीला पसंत केलं होतं आणि कोडीच्या बापाला, म्हणजे ह्या अर्लला, शिकारीशिवाय दुसरं वेड नव्हतं. तेव्हा रायफल तर रायफल!

"पण भारीतली घ्या," त्यांनी बजावलं. "माझ्या वडलांनी तुमच्या वडलांना दिलेलं सफारीचं कापड कमी पडलं, ते मी वर्षानुवर्षं ऐकलंय. माझ्या पोरीला तसलं काही ऐकावं लागता कामा नये."

म्हणून मनोहरराव फ्रिस्को गावातल्या बंदुकांच्या दुकानात शिरले तेच सगळ्यात भारी काय आहे, असं विचारत. काउंटरमागच्या म्हाताऱ्याने उलट विचारलं, "किती लांबून मारणार?"

घ्या! टेलिकॉममध्ये उभी हयात गेली, पण हे काही डोक्यात आलं नव्हतं. म्हाताऱ्याने समजावलं. चारशे यार्डांवरून हरीण टिपायचं तर ही थ्री-हंड्रेड मॅग्नम रायफल घ्या. गोळी तिथवर जोरात पोचते, पण चाप ओढला की खांद्याला असा दणका बसतो की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. दोनशेच्या आत मारायचं असेल तर ही दुसरी, टू-फॉर्टी-थ्री, पुष्कळ झाली. गोळी बारीक, दणका हलका. "पोरांना पहिली रायफल म्हणून हीच देतात," तो म्हणाला.

पोरांची रायफल व्याह्याला? छे! मनोहररावांचा जीव मॅग्नमवरच जडला होता. तरी इंजिनिअर माणूस, अंतर कळल्याशिवाय चैन पडेना. दोन हजार पाचचा नोव्हेंबर होता, हरणांचा सीझन ऐन भरात. त्यांनी अर्लला फोन लावला आणि शिकारीला येऊ का म्हणून विचारलं. अर्ल खूश झाला.

तर त्या शनिवारी पहाटे दोघे व्याही एका लाकडी खोपटात थंडीने कुडकुडत बसले. समोर हरणांसाठी मका टाकून ठेवला होता.

"किती लांबून मारता?" मनोहररावांनी कुजबुजत विचारलं.

"चारशे यार्ड. आमच्या घरात सगळेच," अर्ल म्हणाला. त्याच्या मांडीवर मॅग्नमच होती.

मनोहररावांनी बाहेर पाहिलं. मका शंभर यार्डांवरही नव्हता आणि त्याच्या पलीकडे नुसती झाडी. चारशे यार्ड आणायचे कुठून?

हरीण आलं. अर्लने खिशातून घडी केलेला टॉवेल काढला, शर्टाच्या आत खांद्यावर कोंबला, रायफल टेकवली आणि चक्क डोळे गच्च मिटले. धडाम! हरीण पसार. अर्ल खांदा धरून वाकला होता आणि एवढ्या धिप्पाड माणसाच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मनोहररावांना फार वाईट वाटलं.

"ऑपरेशन झालंय खांद्याचं," अर्ल शेवटी म्हणाला.

"मग हलकी का घेत नाही?"

"पोरांची? माझा भाऊ वेस अख्ख्या गावात दवंडी पिटेल. तू कुणाला बोलू नकोस हं, मॅनी. बायकोलाही नाही." मनोहररावांनी शब्द दिला.

झाली ना पंचाईत! मॅग्नम द्यावी तर ह्या माणसाला दर वर्षी रडवल्यासारखं. हलकी द्यावी तर चारचौघांत त्याचं हसं आणि उद्या स्वानंदीला टोमणे. शिवाय शब्द दिलेला, त्यामुळे शुभाताईंशी बोलायचीही सोय नाही. मनोहरराव दुकानात तीन वेळा गेले आणि रिकाम्या हाताने परतले. चौथ्यांदा गेले ते छातीवर दगड ठेवून टू-फॉर्टी-थ्रीच घेऊन आले. "भारीतली आहे ना?" ह्या शुभाताईंच्या प्रश्नाला त्यांनी नुसती मान हलवली.

लग्नाच्या आदल्या दिवशी अर्लच्या अंगणात सीमांतपूजन झालं. शुभाताईंनी व्याह्यांना कुंकू लावलं, नारळ दिला आणि मनोहररावांनी लांबलचक खोकं पुढे केलं. ते उघडलं मात्र वेसने. "अरे, ही तर पोरांची!" तो खिंकाळला आणि सगळं अंगण हसलं. शुभाताईंनी नवऱ्याकडे रोखून पाहिलं. स्वानंदीचा चेहरा पडला.

अर्लने रायफल उचलली. खांद्याला लावून पाहिली.

"हसू नका," तो गंभीरपणे म्हणाला. "यांच्यात रीत आहे. मुलीच्या बापाचा आहेर नाकारायचा नसतो. दर सीझनला वापरावाच लागतो, नाहीतर पोरांच्या संसाराला चांगलं नाही. हो ना मॅनी?"

"हो तर!" असली रीत जन्मात न ऐकलेले मनोहरराव म्हणाले. "फार जुनी!"

शुभाताईंनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. अर्लने जाता जाता मनोहररावांचा हात घट्ट दाबला. स्वानंदी पुन्हा हसायला लागली.

पानं वाढली जात होती तेवढ्यात वेसने मनोहररावांना एका बाजूला घेतलं. इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःचा उजवा खांदा चोळत हळूच विचारलं, "नवऱ्यामुलाच्या काकालाही असतो का हो आहेर?"